आठ मोठ्या जनावरांसाठी नवा गोठा : जागा, दिशा आणि रचना यांबाबत सल्ला हवा आहे

सीनाकाठ (माढा)
नमस्कार. सीना नदीपासून थोडे आत आमची शेती आहे. सध्या दावणीला सहा संकरित गायी, दोन पंढरपुरी म्हशी आणि चार कालवडी-वासरे आहेत. जुना गोठा आजोबांच्या काळातला, दगड-मातीच्या भिंतींचा आणि ठेंगण्या आढ्याचा आहे. उन्हाळ्यात दुपारी आत गेले की जनावरांच्या धापा ऐकू येतात आणि पावसाळ्यात दारापाशी घोटाभर चिखल साचतो. यंदा पावसाळ्यापूर्वी नवा गोठा उभा करायचे घरात ठरले आहे.

जागेचे दोन पर्याय आहेत. एक घराला लागून, डांबरी रस्त्याकडेची काळ्या मातीची पट्टी. तेथे वीज आणि पाणी आहे, दुधाची गाडीही दारात येते. दुसरी जागा घरापासून हाकेच्या अंतरावर, जरा उंचवट्यावर आणि मुरमाड आहे. तेथे दोन जुने कडुलिंब आहेत, मात्र पाणी आणि वीज न्यावी लागेल. माझा कल पहिल्या जागेकडे आणि भिंतीबंद, दोन ओळींच्या, सिमेंटच्या कोब्याच्या गोठ्याकडे आहे, कारण त्यात दूध काढणे सोपे जाते, चोरीची भीती कमी राहते आणि थोड्या जागेत काम भागते. गावातील काही तरुणांनी मुक्त संचार गोठे (जनावरे न बांधता आवारात मोकळी ठेवण्याचे) केले आहेत, ते पाहिल्यापासून मन द्विधा झाले आहे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी की दक्षिणोत्तर, याबद्दलही प्रत्येक जण वेगळे सांगतो. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रानवाट (करमाळा)
काळ्या मातीवर गोठा बांधू नये. मुरमाची जागा हाताशी असताना हा प्रश्नच उरत नाही.

पशुवैद्य_निवृत्त (बारामती)
रानवाट यांच्याशी सहमत आहे, आणि त्याचे कारण सविस्तर मांडतो. गोठ्याचा विचार निचऱ्यापासून सुरू करावा. मोठे जनावर दिवसाला साधारण 15 ते 20 किलो शेण टाकते, म्हणजे आपल्या आठ जनावरांचे रोजचे सव्वा ते दीड क्विंटल होते. मूत्र आणि धुण्याचे पाणी वेगळेच. हे सगळे रोज कोणत्या वाटेने, किती श्रमात आणि कोठे जाणार, याचे उत्तर कागदावर येईपर्यंत खांबाची जागा ठरवू नये. जमीन ओली राहिली की खूर मऊ पडतात, कासदाह होतो आणि दुधाचे जे काही गणित आपण मांडलेले असते ते औषधांत जाते.

आता पद्धतीबद्दल. निरोगी दुभती गाय दिवसातले 10 ते 12 तास बसून विश्रांती आणि रवंथ करते. बसण्याची जागा कोरडी आणि मऊ असेल तरच ती इतका वेळ बसते. आखूड दाव्याला बांधलेली गाय कडक कोब्यावर उठताना गुडघे आणि सांधे घासून घेते, माजावर आलेली ओळखू येत नाही आणि तहान लागली तरी माणूस पाणी दाखवेपर्यंत तिला थांबावे लागते. मुक्त संचारात ती हवे तेव्हा पाणी पिते. एक लिटर दुधामागे गाईला साधारण चार-पाच लिटर पाणी लागते, हे लक्षात घेतले की चोवीस तास भरलेल्या हौदाचे मोल कळते.

जागेचे भारतीय मानकांचे आकडे असे आहेत : गाईला छताखाली 3.5 चौरस मीटर आणि उघड्यावर 7, म्हशीला 4 आणि 8, मोठ्या वासरांना 2 आणि 4. आपल्या जनावरांसाठी हे मांडले तर छताखाली 37 आणि उघड्यावर 74 चौरस मीटर होतात, म्हणजे अनुक्रमे सुमारे 400 आणि 800 चौरस फूट. दोन्ही मिळून एका गुंठ्याहून थोडेच जास्त. हे किमान प्रमाण आहे. मुरमाची जागा मोकळी असेल तर उघडे आवार याच्या दुप्पट धरावे, कारण जनावरांची गर्दी जितकी कमी तितके आवार लवकर सुकते.

हिरवी_वैरण (फलटण)
डॉक्टरकाकांनी जनावरांच्या बाजूने सांगितले, मी गोठ्यात राबणाऱ्या माणसाच्या बाजूने सांगते. दादा, तुमच्याकडे शेण कोण काढते, धार कोण काढते आणि वैरण कोण टाकते, ते आधी लिहा. बहुतेक घरांत ही कामे बायका करतात आणि गोठ्याचा नकाशा मात्र त्यांना न विचारता गवंड्याबरोबर ठरतो.

आमच्याकडे खड्डे घेण्यापूर्वी जागेवर आखणीसाठी चुन्याची फक्की मारली. खांब, गव्हाण, नाली, दार, पाण्याचा हौद, सगळ्यांच्या रेषा ओढल्या आणि सासूबाईंनी व मी रिकामे घमेले डोक्यावर घेऊन पहाटेपासूनची सगळी कामे त्या रेषांमधून चालून पाहिली. शेणाची ढकलगाडी वळवायला जागा नाही, हे तेथेच दिसले आणि दाराची रुंदी चार फूट केली. वैरणीची जागा गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला होती, ती कुट्टी यंत्राच्या जवळ घेतली. गव्हाणीच्या पुढे माणसाला चालण्यासाठी निदान पाच फुटांची वाट सोडली, त्यामुळे जनावरांच्या मधून न जाता वैरण टाकता येते. यातील एकाही गोष्टीला जादा पैसा लागला नाही. फक्की पुसून पुन्हा मारता येते, कोबा फोडायला मात्र मजुरी पडते.

गव्हाणीच्या आतील तळ जनावराच्या पायाच्या पातळीपेक्षा चार ते सहा इंच उंच असू द्या आणि कोपरे गोलाकार करून घ्या. कोपऱ्यात ओली वैरण साचून आंबते आणि ती हाताने खरवडून काढावी लागते.

रेखांकन (पुणे)
मी बांधकाम अभियंता आहे, म्हणून पाया आणि दिशा या दोन मुद्द्यांपुरते लिहितो.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यावर थेट घातलेला कोबा दोन-तीन पावसाळ्यांत उचलला जातो, तडकतो, आणि त्या तडांतून मूत्र खाली मुरत राहते. खांबांचे पाये मुरमापर्यंत किंवा पक्क्या थरापर्यंत नेले, जोते भोवतालच्या जमिनीपासून दीड-दोन फूट वर घेतले आणि खाली मुरमाचा जाड थर दाबून भरला, तर काळ्या मातीवरही बांधता येते. पण तो सगळा खर्च जमिनीखाली जातो. तुमच्या दुसऱ्या जागेवर निसर्गाने तो आधीच केला आहे. पाण्याची पाइपलाइन आणि विजेचे दोन खांब यांचा खर्च बहुधा त्याहून कमीच येईल, पण दोन्हींचे अंदाजपत्रक करून खात्री करून घ्या.

दिशेचे म्हणाल तर सोलापूर जिल्ह्यात उन्हाचा विचार प्रथम करावा लागतो. तुमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असेल, तर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंनी आत येते आणि दिवसभर सावली छताखालीच राहते. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे 50 अंशांच्या आसपास उतरलेला असतो, त्यामुळे नऊ फूट उंचीच्या वळचणीखालून ऊन सात-आठ फूट आत पोचते. हिवाळ्यात हवे तेव्हा ऊन आणि उन्हाळ्यात हवी तेव्हा सावली, असा हा हिशेब आहे. पश्चिमेच्या अरुंद बाजूला कडुलिंब येतील अशी आखणी जमली तर फारच उत्तम.

चिऱ्याचे_घर (दापोली)
रेखांकन साहेबांचे म्हणणे सोलापूरसाठी योग्य असेल, पण हा धागा कोकणातील मंडळीही वाचतील, म्हणून आमची बाजू नोंदवतो. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जमीन सुकणे हीच मुख्य अडचण असते. म्हणून आम्ही लांबी दक्षिणोत्तर ठेवतो. सकाळचे ऊन पूर्वेकडून आणि दुपारचे पश्चिमेकडून आत येते आणि दोन्ही बाजूंची जमीन रोज थोडी थोडी सुकते. मुक्त संचाराचे उघडे आवार आमच्याकडे जून ते सप्टेंबर निरुपयोगी असते, तेवढे महिने जनावरांना छताखाली भरपूर जागा लागते. त्यामुळे मानकांतील छताखालचा आकडा कोकणासाठी अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर आमच्या भागात पत्रे बागांमध्ये आणि रस्त्यांवर पडलेले होते. पडझडीत एक गोष्ट ठळक दिसली : खांब बहुतेक ठिकाणी उभे होते, छपरे गेली होती. वारा छप्पर खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो. पत्रा वाशाला, वासा कैचीला, कैची खांबाला आणि खांब पायाला असे सगळे एकमेकांना पक्के बांधलेले असावे, यातील एक जोड कच्चा राहिला तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. वळचण तीन फुटांपेक्षा जास्त बाहेर काढली तर तिला खालून तीर, म्हणजे तिरपे आधार, द्यावेत. आणि पत्र्यांवर दगड किंवा मातीच्या पोती ठेवण्याची जी सवय आहे ती कृपा करून सोडावी, वादळात तेच दगड जनावरांच्या अंगावर येतात.

पशुवैद्य_निवृत्त (बारामती)
दापोलीचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. दिशेबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो त्याचे कारण हेच असते की सांगणारे वेगवेगळ्या हवामानातले असतात. जेथे उन्हाचा ताण मोठा तेथे पूर्व-पश्चिम, जेथे ओल मोठी तेथे दक्षिणोत्तर. माढ्यासाठी मी रेखांकन यांच्या बाजूने आहे, विशेषतः आपल्याकडे म्हशी आहेत म्हणून. म्हशीची कातडी काळी असते आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने कमी असतात, त्यामुळे तिला ऊन अधिक बाधते आणि सावली व पाणी नसेल तर उन्हाळ्यात ती माजावर आलेली कळतही नाही.

पंढरपुरी म्हशींची शिंगे खांद्याच्याही मागे जातात. बाजारात मिळणारे मान अडकवण्याचे तयार लोखंडी अडसर गाईंच्या मापाचे असतात, त्यात या म्हशींचे डोके नीट जात नाही आणि गेले तर निघत नाही. म्हशींचा कप्पा वेगळा ठेवावा आणि गव्हाणीवर फक्त एक आडवा पाइप लावावा. एकाच आवारात बिनशिंगांच्या किंवा आखूड शिंगांच्या गायी आणि या म्हशी सोडल्या तर गव्हाणीवर गायी मागे राहतात.

माणदेश (सांगोला)
शिंगांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या म्हशीने फाटकाची आडवी कडी शिंगाने वर उचलून उघडायला शिकून घेतले होते आणि पहाटे सगळी जनावरे मक्यात गेलेली सापडायची. फाटकाला वरून खाली पडणारी कडी लावा आणि ती बाहेरच्या बाजूने, जनावराचे तोंड पोचणार नाही इतक्या खाली बसवा. म्हैस फार हुशार जनावर आहे.

पंचगंगा (शिरोळ)
जागा निवडताना पुराचा विचार नक्की करा. तुम्ही नदीपासून आत आहात हे वाचले, तरीही गावातील वयस्कर माणसांना विचारून आजवरची सर्वांत वरची पूररेषा पाहून घ्या. आमच्याकडे 2005, 2019 आणि 2021 असे महापूर आले. 2019 मध्ये पाणी रात्रीतून वाढले तेव्हा ज्यांची जनावरे दाव्याला बांधलेली होती त्यांना अंधारात, पाण्यात उभे राहून गाठी सोडाव्या लागल्या, आणि सगळीकडे ते जमले नाही. भिजलेल्या काथ्याची गाठ बोटांनी सुटत नाही. मुक्त आवारात एक फाटक उघडले की जनावरे उंच जागेकडे आपोआप चालू लागतात. माझ्या लेखी मुक्त संचाराचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. तुमची मुरमाड जागा उंचवट्यावर आहे, तेवढ्या एकाच कारणासाठीही मी तीच घेतली असती.

वऱ्हाडवाट (दर्यापूर)
अनुदानाचा विषय अजून कोणी काढला नाही. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, म्हणजे 3 फेब्रुवारी 2021 च्या शासन निर्णयानुसार, रोजगार हमीतून 2 ते 6 गुरांच्या गोठ्यासाठी 77,188 रुपये ठरले होते आणि त्याहून अधिक गुरांसाठी ती रक्कम दुप्पट-तिप्पट अशी होती. त्यात 7.7 मीटर लांब व 3.5 मीटर रुंद गोठा, गव्हाण, 250 लिटरचे मूत्रसंचय टाके आणि 200 लिटरची पाण्याची टाकी असे माप दिलेले आहे. जनावरांच्या कानाला बिल्ले लागतात. सध्याचे निकष आणि रक्कम ग्रामपंचायतीत विचारून, मंजुरी हातात आल्यावरच काम सुरू करावे, आधी बांधलेल्या गोठ्याला पैसे मिळत नाहीत.

मात्र अनुदानाच्या मापाला आपला गोठा बसवू नका. आमच्या पंचक्रोशीत कितीतरी गोठे नेमक्या त्याच मापाचे, चारही बाजूंनी भिंती घेतलेले उभे आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जनावरे बाहेर झाडाखाली असतात. विदर्भाच्या उन्हात भिंत ही जनावराची शत्रू आहे. पश्चिमेला हवी तर चार-साडेचार फुटांपर्यंत भिंत घ्यावी आणि वर मोकळे सोडावे. ऊन वाढले की तेथे ओले गोणपाट किंवा हिरवी जाळी लावता येते.

सीनाकाठ (माढा)
सर्वांचे मनापासून आभार. हिरवी_वैरण ताई, आमच्याकडे धार आई आणि पत्नी काढतात, शेण मी आणि धाकटा भाऊ काढतो. तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यानंतर आईने दोन गोष्टी सांगितल्या : धार काढण्याची जागा आवारापासून वेगळी आणि कोरडी हवी, आणि तेथे सकाळी उजेड हवा. या दोन्ही मला सुचल्या नव्हत्या.

मुरमाच्या जागेकडे आता मन वळले आहे, पण चोरीची धास्ती आईला आहे. शिवाय छताला काय घालावे? सिमेंटचे पत्रे, लोखंडी पत्रे की कौले? आणि खांब लोखंडी घेतले तर ते गंजतात असे ऐकतो.

लोखंडकाम (मिरज)
खांबांबद्दल मी अधिकाराने सांगू शकतो, कारण गोठ्यांचे लोखंडी सांगाडे बनवण्याचेच माझे काम आहे. लोखंडी पाइप वरून गंजत नाही, तो जमिनीलगतच्या पहिल्या वीतभर भागात कुजतो. शेण आणि मूत्र तेथे कायम लागून राहते. त्यासाठी पाइप कोब्यात गाडू नये. पायापासून काँक्रीटचा चौथरा जमिनीच्या वर फूट-दीड फूट उचलून घ्यावा, त्यात चार बोल्ट बसवावेत आणि त्यावर खांबाची पट्टी आवळावी. चौथऱ्याच्या कडा गोल कराव्यात, जनावरे अंग घासतात. असे केलेले खांब पुढे हवे तर खोलून दुसरीकडेही नेता येतात. आमच्या भागात एका ठेकेदाराने पैसे वाचवण्यासाठी पाइप थेट मातीत रोवून भोवती काँक्रीट ओतले होते, ते सगळे खांब बुडातून गेले आणि मालकाला जनावरांवर छप्पर असताना एकेक खांब बदलावा लागला.

पत्र्याबाबत माझे मत असे आहे की जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा घ्यावा, कडेची उंची नऊ-दहा फूट आणि आढ्याची तेरा-चौदा फूट ठेवावी आणि आढ्यावर सलग फूटभर फट ठेवून त्यावर छोटी टोपी बसवावी. गरम हवा वर जाऊन त्या फटीतून निघून जाते. पत्र्याला वरून दरवर्षी मार्चमध्ये चुना मारला तरी आतला ताप जाणवण्याइतका कमी होतो. सिमेंटचा पत्रा कमी तापतो हे खरे, पण गारपिटीत फुटतो आणि जुन्या प्रकारच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ माणसाच्या फुफ्फुसाला घातक आहे. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीनंतर मराठवाड्यात आणि सोलापूरकडे फुटलेले पत्रे बदलण्याची कामे आम्ही केली आहेत.

चिऱ्याचे_घर (दापोली)
टोपीला दुजोरा. कोकणात मात्र ती टोपी दोन्ही बाजूंनी फट झाकून पुढे आलेली असावी, नाहीतर पाऊस सरळ गव्हाणीत येतो.

दुधगंगा (बेळगाव)
चोरीच्या भीतीवर उपाय म्हणून भिंत बांधण्यापेक्षा आवाराला जाळीचे कुंपण, एकच फाटक, सौर दिवा आणि घराकडे तोंड करून बांधलेली वैरणीची खोली, हे पुरेसे होते. रात्री एक माणूस त्या खोलीत झोपू शकतो. भिंतीआड चोराला काम करणे उलट सोपे जाते, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

हिरवी_वैरण (फलटण)
दुधगंगा यांनी वैरणीची खोली गोठ्याजवळ सुचवली आहे, तेथे थोडा मतभेद नोंदवते. चार-आठ दिवसांची वैरण जवळ असावी, पण कडब्याची गंज गोठ्याला चिकटून कधीही रचू नये आणि विजेच्या तारांखाली तर मुळीच नाही. ठिणगी पडली की काही मिनिटांत सगळे जाते. गंज आणि गोठा यांत चांगले मोठे अंतर ठेवा, वारा ज्या दिशेकडून येतो त्या बाजूला गंज नको.

रेखांकन (पुणे)
विजेचा विषय निघाला आहे तर एक कळकळीची विनंती. ओल्या जमिनीवर चार पायांवर उभे असलेले जनावर माणसापेक्षा कमी झटक्यानेही दगावते. गव्हाणीचा पाइप, खांब, पाण्याची लोखंडी टाकी, कुट्टी यंत्र, या सगळ्यांना स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि गोठ्याच्या वीजजोडणीवर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. तारा पाइपातून आणि जनावरांच्या तोंडापासून उंच न्याव्यात. उंदीर कुरतडतात, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी करावी.

रानवाट (करमाळा)
गोचिडांचे कोणी बोलले नाही. आमच्या जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांतून गोचीड कधी गेलीच नाही. मुक्त गोठा केल्यावर पाच-सहा गावरान कोंबड्या सोडल्या, त्या शेण उकरतात, किडे वेचतात आणि गोचीड जवळजवळ दिसेनाशी झाली आहे.

पशुवैद्य_निवृत्त (बारामती)
रानवाट, आपले निरीक्षण बरोबर आहे. गोचीड अंडी घालायला जनावराच्या अंगावरून उतरते आणि भेगा शोधते. भेगाच नसतील तर तिचे चक्र तुटते. संकरित गायींना गोचिडांमुळे होणारा थायलेरिओसिस जिवावर बेततो, म्हणून भेगांचा विषय किरकोळ समजू नये. ज्या चार फूट भिंती घ्याल त्या गुळगुळीत गिलावा करून, वर्षातून दोनदा चुना मारून ठेवा. 2022 मध्ये लम्पी आजाराच्या साथीत माशा, डास आणि गोचीड यांचे महत्त्व आपण सर्वांनीच पाहिले. त्याच अनुभवावरून सांगतो, मुख्य आवारापासून दूर, वेगळ्या पाण्याच्या टाकीसह एक-दोन जनावरांचा आजारी कप्पा आजच नकाशात ठेवा. बाजारातून आणलेले नवे जनावरही पहिले तीन आठवडे तेथेच ठेवावे.

माणदेश (सांगोला)
सांगोल्यात पाऊस जेमतेम, म्हणून आम्ही छतालाही पीक समजतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 60 चौरस मीटरचे छत आणि वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला तर 30 हजार लिटर होतात, गळती-उडती वजा करून 24-25 हजार तरी टाकीत येतात. आणि दुसरा फायदा त्याहून मोठा आहे : पन्हळ लावल्याने छताचे पाणी आवारात पडत नाही. आवारातील चिखल बहुतेक वेळा पागोळ्यांनी होतो.

कायदेशीर_वाटा (सातारा)
परवानगीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधील शेत-इमारतीच्या व्याख्येत गुरांसाठी निवारा आणि वैरण, खत, अवजारे ठेवण्याची जागा यांचा समावेश आहे, त्यामुळे स्वतःच्या शेतात स्वतःच्या गुरांसाठी गोठा बांधायला जमीन अकृषिक करावी लागत नाही. तरी ग्रामपंचायतीत नोंद करून घ्यावी. अनुदान, विमा आणि वीजजोडणी, तिन्ही वेळी ती विचारली जाते. रस्त्यालगत बांधणार असाल तर रस्त्याच्या हद्दीपासूनचे अंतर पाळावे लागेल, हाही पहिल्या जागेविरुद्धचा मुद्दा आहे.

सीनाकाठ (माढा)
मुरमाची जागा पक्की केली. काल आई, पत्नी, भाऊ आणि मी मिळून फक्की मारली. छत पूर्व-पश्चिम, 40 फूट लांब आणि 16 फूट रुंद, दोन्ही कडुलिंब पश्चिमेच्या टोकाला येतात. त्याच्या दक्षिणेला उघडे आवार, मध्ये पाइपाचा आडोसा टाकून म्हशींचा कप्पा पूर्वेला. धार काढण्याची जागा पूर्वेच्या टोकाला, तेथे पत्नीच्या सांगण्यावरून बादल्या धुण्यासाठी नळ आणि कठडा घेतला आहे. आजारी कप्पा कुंपणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात.

दोन प्रश्न राहिले. छताखाली सगळा कोबा करावा की काही भाग मुरमाचाच ठेवावा? आणि कामाचा क्रम कसा लावावा, कारण पावसाळ्यापूर्वी सगळे पूर्ण होईलच अशी खात्री नाही.

पशुवैद्य_निवृत्त (बारामती)
आखणी उत्तम झाली आहे. कोबा फक्त गव्हाणीलगत, जनावर खाताना उभे राहते तेवढ्या आठ फुटांच्या पट्ट्यात आणि धार काढण्याच्या जागेत करा. उरलेला भाग दाबलेल्या मुरमाचा ठेवा, जनावरे तेथेच बसतील. कोब्याला 40 फुटांत एक फूट म्हणजे दहा फुटांत तीन इंच उतार नालीकडे द्या, आणि ओला असतानाच त्यावर खाचा मारून घ्या, म्हणजे पाय घसरणार नाहीत. गुळगुळीत कोब्यावर घसरून पाय फाकलेली गाभण गाय पुन्हा उभी करणे फार अवघड असते.

रेखांकन (पुणे)
क्रम असा ठेवा. आधी भोवतीचा चर खणा आणि वरच्या बाजूचे पाणी वळवा, मग पाये व चौथरे, मग छत आणि पन्हळ, त्यानंतर पाण्याचा हौद आणि कुंपण. एवढे मेअखेर झाले तर जनावरे हलवता येतील. गव्हाण आणि कोबा छताखाली पावसाळ्यातही करता येतात, उलट सावलीत व दमट हवेत सिमेंटची मजबुती चांगली येते. तोपर्यंत वैरण अर्ध्या कापलेल्या पिंपांत टाका. चौथऱ्यांतील बोल्ट बसवताना मिस्त्रीकडून लाकडी फर्म्यावर अंतर तपासून घ्या, अर्ध्या इंचाची चूक राहिली तरी खांबाची पट्टी बसत नाही.

लोखंडकाम (मिरज)
तो फर्मा चौथऱ्यांच्या आधी माझ्यासारख्या सांगाडा करणाऱ्याकडूनच मागून घ्या, म्हणजे पट्टीची आणि बोल्टांची भोके एकाच मापाची येतात. आणि 16 फूट रुंदीला मध्ये खांब घेऊ नका. एवढा गाळा साधी कैची सहज पेलते, आणि मधला खांब शेणाच्या ढकलगाडीच्या नेमका वाटेत येतो.

हिरवी_वैरण (फलटण)
दादा, नळाजवळ वहिनींसाठी बादली ठेवायचा कठडा कंबरेच्या उंचीला घ्या. गवंडी तो सवयीने गुडघ्याएवढा बांधतात, म्हणून त्या दिवशी वहिनींना समोर उभे करून माप द्या.